ओळख आणि आठवण

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते एखाद्या लढाईची, तहाची, निदान एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राची अपेक्षा करून येतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात लढाई नाही आणि तहही नाही. त्यात एक द्वारपाल आहे आणि एक कारकून आहे. द्वारपाल दारी येणाऱ्या प्रत्येकाला 'तू कोण?' म्हणून विचारतो. कारकून मागणी आलेल्या प्रत्येक कागदाविषयी स्वतःशीच पुटपुटतो, 'हा मघाशीच काढला होता की. हाताशी आहे का अजून?' संगणकाच्या ज्या यंत्राला सर्व्हर म्हणतात त्याच्या पोटात ही जोडी अहोरात्र बसलेली असते. आपण अंधेरीच्या फलाटावर उभे राहून फोनवर तिकीट काढतो, बोरिवलीला घरबसल्या विजेचे बिल भरतो, तेव्हा याच दोघांशी आपली गाठ पडते. त्यांचा जन्म कोठे झाला, त्यांचे आपल्याकडील पूर्वज कोण, आणि ते चुकतात तेव्हा कोणाचे काय बिघडते, एवढाच आजचा विषय.

आपल्या नैयायिकांनी या दोन कामांना फार पूर्वीच निरनिराळी नावे दिलेली आहेत. नुसत्या संस्कारातून उठणारे ज्ञान ती स्मृती. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला पाहून 'तोच हा देवदत्त' असे जे वाटते ती प्रत्यभिज्ञा. स्मृतीला समोर कोणी असावे लागत नाही, प्रत्यभिज्ञेला लागते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे जे घोटाळे सांगायचे आहेत ते बहुतेक स्मृतीने प्रत्यभिज्ञेच्या खुर्चीवर बसल्यामुळे झालेले आहेत.

शास्त्र बाजूला ठेवून आता मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या जुन्या वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. साखर, चहा, गूळ, काड्यापेट्या त्याच्या हाताच्या अंतरावर असत. जिरे-मोहरी पाठीमागच्या डब्यांत. जायपत्रीसारखी वर्षातून चारदा मागितली जाणारी जिन्नस दुकानात नसेच. तिच्यासाठी पोऱ्याला गाडीत बसवून मशीदबंदरला धाडावे लागे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पुडीसाठी त्याने पोऱ्याला मशीदबंदरला पिटाळले असते तर दुकानापुढची रांग भांडुपपर्यंत गेली असती. वारंवार लागणारे जवळ ठेवावे, क्वचित लागणारे दूर राहू द्यावे, आणि जवळची जागा थोडी म्हणून कोणते डबे पुढे मांडायचे ते रोजच्या मागणीवरून ठरवावे. संगणकशास्त्रात ज्याला कॅश म्हणतात ती विद्या एवढीच. (हा शब्द रोकडीसारखा ऐकू येतो म्हणून कोणी पैशाशी नाते जोडू नये. तो फ्रेंच भाषेतील 'लपवणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे.) वाण्याची दुसरी विद्या उधारीच्या वहीची. एखादे पोर परकरात तांदूळ घेऊन 'आईने मांडून ठेवायला सांगितलंय' असे म्हणून पळत सुटे, आणि वाणी खुशाल मांडून ठेवी. कारण पोर कोणाचे हे त्याला ठाऊक असे. नवे पोर आले की मात्र त्याचा हात मापावरच थांबे.

संगणकातील अंतरे आपल्या कल्पनेत सहजी मावत नाहीत. जुन्या फिरत्या तबकडीवरून एखादी माहिती उचलायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागे. तीच यंत्राच्या चपळ स्मृतिकोशात तयार असली तर सेकंदाचा कोटीवा हिस्सा पुरतो. म्हणजे लाख पटीचा फरक झाला. घरातल्या फडताळातून मिनिटात निघणारी वस्तू बाहेरून आणायला सुमारे सत्तर दिवस लागावेत, असे हे प्रमाण आहे. सर्व्हर जेव्हा तुमच्यापुढे एक पान ठेवतो तेव्हा ते कोठे जसेच्या तसे लिहिलेले नसते. तुमचे नाव एका कोष्टकातून, शिल्लक दुसऱ्यातून, मागचे व्यवहार तिसऱ्यातून, असे गोळा करून त्यांची एक 'वस्तू' बांधली जाते आणि मग ती पानावर चढते. एवढ्या खटपटीने बांधलेली वस्तू लगेच मोडून टाकण्याऐवजी थोडा वेळ बांधलेलीच हाताशी ठेवावी, हा व्यवहारी विचार झाला. अडचण एवढीच की ती नक्कल असते; मूळ नव्हे. मूळ बदलले की नक्कल खोटी पडते, आणि ती खोटी पडली आहे हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. आमच्या दप्तरखान्यांनी तो दोन-अडीचशे वर्षे सोसलेला आहे. पेशवाईतील एखादी अस्सल सनद कोणी पाहिली असेल तर मजकुराच्या वर उमटवलेला शिक्का आणि मजकूर जेथे संपला त्या जागी उमटवलेले मोर्तब त्याच्या लक्षात आले असेल. मोर्तबाच्या खाली कोणाला ओळ घुसडता येऊ नये हा त्यातला हेतू. कागदाचे बंद एकाला एक चिकटवून लांब केलेले असतील तर जोडावर पाठीमागून शिक्का मारीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवला की शिक्का फुटलेला दिसावा. शिवाय 'रुजू', 'बार' असे शेरे असत. कागद तपासला गेला, दप्तरात नोंदला गेला, हे सांगणारे ते शेरे. कागद धन्याच्या हाती जाई आणि त्याची नोंद दप्तरात राही. पुढेमागे तंटा पडला की दोन्ही समोरासमोर आणीत.

गावगाड्यात तर कागदाहून माणसांवर भिस्त अधिक. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे महजर होई आणि त्याखाली सगळे गोत आपापली निशाणी करी. पाटील नांगर काढी, कुळकर्णी आपल्या अक्षराने लिही, आणि सुतार, कुंभार, परीट आपापल्या धंद्याचे हत्यार काढीत. ज्याला लिहिता येत नाही त्याला साक्षीतून वगळावे, असे त्या व्यवस्थेच्या स्वप्नातही आले नाही. तिच्यात जातीपातीची दुसरी पापे पुष्कळ होती आणि ती झाकण्याचे आम्हाला कारण नाही. पण हा एक गुण नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

सावकारांनी याहून बारीक काम केले. हुंडीचे पैसे कोणाला द्यायचे यावरून तिच्या जाती पडल्या. शाहजोग हुंडीचे पैसे पेढीने पत असलेल्या शाहूकडेच द्यावेत, वाटेत सापडलेला कागद घेऊन येणाऱ्या भलत्याला देऊ नयेत, असा दंडक होता. हुंडी हरवली तर पैठ लिहून देत, पैठही हरवली तर परपैठ. आणि यांपैकी एकीवर पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द. आजच्या सर्व्हरने तुमच्या फोनला दिलेली ओळखीची चिठ्ठी हरवली तर जुनी रद्द करून नवी द्यावी लागते. एका चिठ्ठीवर काम झाले की ती पुन्हा चालू नये, हाही नियम तोच.

आणि मग १८५२ साल उजाडले. त्या वर्षीच्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला कायद्याचे हातपाय मिळाले. ज्यांच्याकडे इनाम जमिनी होत्या त्यांनी आपला हक्क कागदाने सिद्ध करावा, असा हुकूम सुटला. पुण्याचे पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले होते. म्हणजे दाव्यातला एक पक्ष आणि दप्तराचा राखणदार हे एकच झाले होते. इनामदारांच्या घरी काय होते? कोठे सनदेची नक्कल, कोठे वाळवीने खाल्लेला बंद, कोठे आगीत गेलेल्या पेटीची आठवण. तीन पिढ्या जमीन कसणाऱ्याला सारा गाव ओळखत होता. कमिशन ओळखत नव्हते. हजारो इनामे गेली. १८५७ च्या असंतोषाच्या कारणांत या कमिशनचे नाव इतिहासकार घेतात ते उगीच नव्हे. सरकारलाही शेवटी शहाणपण सुचले आणि १८६३ च्या कायद्यांनी, ठरावीक सारा भरण्यास कबूल असेल त्याची जमीन चौकशीवाचून चालवावी, अशी तोडजोड झाली. ज्या दप्तराने इतक्यांची घरे बसवली त्याच दप्तरातून पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पंचेचाळीस खंड संपादून काढले आणि आमच्या इतिहासलेखनाला नवे पाय फुटले. दप्तराला दयामाया नसते. कोणाच्या हाती आहे त्यावर सारे.

आता समुद्र ओलांडू. १९६१ साली अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत चालवून दाखवली. जोपर्यंत यंत्रापुढे एका वेळी एकच माणूस बसत होता तोपर्यंत 'तू कोण?' हा प्रश्न पडत नव्हता. अनेक जण बसले तसे प्रत्येकाचे कप्पे वेगळे करावे लागले आणि प्रत्येक कप्प्याला एक परवलीचा शब्द द्यावा लागला. किल्ल्याच्या दरवाजावरचा परवलीचा शब्द आम्हाला ऐकून ठाऊक होता. तो यंत्राच्या दरवाजावर आला. दुसऱ्याच वर्षी तेथील अॅलन शेर नावाच्या संशोधकाने वाट्याला आलेला वेळ पुरत नाही म्हणून सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली, आणि पुष्कळ वर्षांनी ती कबुली हसत हसत दिली. द्वारपाल नेमला गेल्यावर चोर यायला वर्षसुद्धा लागले नाही म्हणायचे!

त्याच यंत्रावर १९६६ च्या सुमारास घडलेली गोष्ट अधिक बोधप्रद आहे. संगणकावर आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीस दिवसाची सूचना दिसत असे. व्यवस्थापकांपैकी एक जण ती सूचना दुरुस्त करीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी. दुरुस्ती चालू असता यंत्र एक तात्पुरती नक्कल काढी आणि तिला ठरलेले एकच नाव देई. दोन नकलांचे नाव एक झाले, अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो आत आला त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले. कुलूप उत्तम होते. घात केला तो हाताशी ठेवलेल्या नकलेने. आम्ही आरंभी ज्या दोघांची ओळख करून दिली त्यांचे हे पहिले मोठे भांडण.

त्यातून दोन शहाणपणे निघाली. यादीत परवलीचे शब्द जसेच्या तसे ठेवायचेच नाहीत. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघांनी १९७९ साली ही रीत सविस्तर मांडली. गव्हाचे पीठ होते पण पिठाचा गहू होत नाही. तसा शब्द दळून त्याचे पीठ तेवढे ठेवावे, आणि माणूस आला की त्याने सांगितलेला शब्द दळून पीठ जुळते का ते पाहावे. दोघांचा शब्द एकच असला तर पीठही एकच निघेल आणि गुपित फुटेल, म्हणून प्रत्येकात वेगवेगळी चिमूट टाकावी. त्या चिमटीला त्यांनी मीठ हेच नाव दिले. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्यांना हे नाव आवडायला हरकत नाही. दुसरे शहाणपण असे की, नक्कल ज्याची असेल त्याचे नाव तिच्यावर घातल्यावाचून ती फडताळात ठेवू नये. हे दुसरे शहाणपण जग पुनःपुन्हा विसरते, ते पुढे येईल.

कॅशची जन्मकथा थोडक्यात सांगतो. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्याशा लेखात मोठ्या मंद स्मृतीच्या दिमतीला एक लहान चपळ स्मृती द्यावी अशी कल्पना मांडली. तिला त्यांनी 'दास-स्मृती' अशा अर्थाचे नाव दिले होते. १९६८ साली आय. बी. एम. कंपनीच्या एका मोठ्या संगणकात ती बसवण्यात आली आणि तिला कॅश म्हणू लागले. दास गेला, फडताळ राहिले.

आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. उपनगरांची पाळी नंतर आली. १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईत आले, १९५८ मध्ये पवईची तंत्रशिक्षण संस्था निघाली, १९७३ मध्ये अंधेरीच्या मरोळ भागात सीप्झ वसले. आणि १९८५ साली टाटा संस्थेच्याच एका शाखेतून स्वतंत्र झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे एन. सी. एस. टी. म्हणून ओळखले जाई, ते जुहूला होते. गुलमोहोर रस्त्यांच्या त्या शांत वस्तीत नटनट्यांचे बंगले दाखवायला माणसे असत, पण या इमारतीकडे बोट दाखवणारा कोणी भेटत नसे. श्रीनिवासन रमणी हे तेथील संचालक होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट नावाचे शिक्षणसंस्थांचे जाळे उभारायला घेतले तेव्हा १९८६-८७ च्या सुमारास पहिली टपाले धावली ती जुहू आणि पवई यांच्या दरम्यान, साध्या टेलिफोनच्या तारेवरून. आज ज्या रस्त्याने आपण मोटारींच्या गर्दीत ताटकळतो त्याच वाटेवरून या देशातील संगणकी टपालाची पहिली फेरी झाली, हे उपनगरवासीयांनी अभिमानाने सांगायला हवे. रमणी यांचे नाव २०१४ मध्ये इंटरनेटच्या जागतिक मानकऱ्यांत घातले गेले.

१९८९ साली जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत भाड्याची तार जोडली गेली. तिची चाल सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे बाराशे अक्षरे. लाख अक्षरांएवढे एखादे चित्र त्या तारेवरून यायला दीड मिनिट लागावे, आणि त्याच तारेवर साऱ्या देशातील विद्वानांची टपाले! अशा तारेवरून एकदा आणलेली वस्तू दुसऱ्यांदा आणणे ही उधळपट्टी होती. अमेरिकेत कॅश ही वेगाची चैन असेल. आमच्याकडे ती काटकसर होती. वळिवाचे पाणी पिंपात भरून ठेवणाऱ्या घरातील माणसांना ती समजावून सांगावी लागली नाही.

त्याच वर्षी, ८ मे १९८९ रोजी, जगाच्या नामावळीत भारताचे 'इन' हे दोन अक्षरी आडनाव नोंदले गेले आणि त्याची वही जुहूला राहिली. ही नामावळीची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. त्यापूर्वी जगातील सर्व संगणकांची नावे-पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील एका संस्थेतून सर्वांनी उतरवून घ्यायची. मोकापेट्रिस यांनी यादी फोडून ज्याच्या त्याच्या हाती दिली. आणि विचारलेल्या प्रत्येक पत्त्याच्या उत्तरासोबत एक मुदत जोडली. हे उत्तर इतके सेकंद खरे धरा, पुढे पुन्हा विचारा. आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते ती ही मुदत. पुण्याच्या दप्तरातल्या कोणत्याही कारकुनाने आपल्या कागदाच्या तोंडावर 'हे अमुक दिवसांनी शिळे होईल' असे लिहिलेले नाही. स्वतःच्या अज्ञानाची तारीख घालून देणारे हे पहिले दप्तर.

जुहूची वही कडक होती. 'इन' खाली नाव हवे असेल तर तुम्ही खरोखर त्या नावाची कंपनी, शाळा किंवा संस्था आहात याचे कागद द्यावे लागत. परिणाम असा झाला की १९९२ ते २००४ या काळात सारी मिळून सुमारे ७००० नावे नोंदली गेली. २००५ साली नवे नियम होऊन दार उघडले आणि मग नावे लाखांनी वाढली. कडकपणा बरा की उघडे दार बरे, यावर आम्ही निवाडा देऊ इच्छीत नाही. उघड्या दाराने धंदा वाढला आणि बनावट नावांची भामटेगिरीही त्याच दाराने आत शिरली. एन. सी. एस. टी. स्वतः २००३ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. ते नाव आता उरले नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांना खुले केले. तेव्हा जगभर पसरू लागलेल्या वेबची एक खोड मुद्दाम सांगायला हवी. तिचा सर्व्हर जन्मतः विसराळू. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले, संपले. पुढच्याच क्षणी दुसरे पान मागायला गेलात तर 'आपण कोण?' ही ओळख न देणारी नजर. संगीत शाकुंतल पाहत वाढलेल्या श्रोत्यांना दुष्यंताची आठवण करून द्यायला नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेल्या त्या कथेचा कणाच हा, की राजा विसरला आहे आणि ओळख पटवणारी अंगठी मासोळीच्या पोटात आहे. कालिदासाने नाटकाला दिलेल्या नावात 'अभिज्ञान' हा शब्द आहे, त्याचा अर्थच ओळखीची खूण. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या तरुणाने या विसराळू राजाला अंगठी दिली. पहिल्या भेटीत सर्व्हरने तुमच्या यंत्राकडे एक लहानशी खूण द्यायची आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तुमच्या यंत्राने ती आपणहून दाखवायची. तिला कुकी म्हणतात. अंगठी हरवली तर पुन्हा परवलीचा शब्द सांगावा लागतो, इतपत ठीक. पण कोळ्याला सापडलेली अंगठी कोळ्यानेच बोटात घातली आणि राजाने त्यालाच शकुंतला म्हणून आत घेतले तर? खुणा चोरण्याचा धंदा यावरच चालतो.

लोक हजारांनी येऊ लागले तशी एका सर्व्हरच्या पोटातील फडताळे पुरेनात. २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी अनेक यंत्रांच्या रिकाम्या स्मृतीचे मिळून एक सामाईक फडताळ केले, आणि ती युक्ती जगभर गेली. सामाईक फडताळ म्हणजे चाळीतला सामाईक नळ. सोय मोठी, भांडण त्याहून मोठे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी स्टीम या खेळांच्या प्रचंड दुकानावर हल्ला झाला, ताण कमी करण्यासाठी घाईने कॅशचे नियम बदलले गेले, आणि एकासाठी बांधलेले पान दुसऱ्याला दिसू लागले. सुमारे चौतीस हजार माणसांची माहिती अशी परक्यांच्या डोळ्यांखालून जाऊ शकली, असे कंपनीनेच सांगितले. कुलपे तुटली नव्हती, द्वारपाल झोपला नव्हता. कारकुनाने फडताळातला कागद नाव न वाचता पुढे केला. एम. आय. टी. ची १९६६ ची गोष्ट एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा घडली.

दुकानात असे झाले तर चारचौघांत शोभा होते. पण धान्याच्या दुकानात द्वारपालच चुकला तर?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या याच देशात वाढलेली. बंगालमध्ये विल्यम हर्शेल याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला, आणि ठशांची वर्गवारी कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांच्या मेहनतीने आकाराला आली, नाव मात्र साहेबाचे झाले. टेंभलीनंतर ही विद्या कोट्यवधी माणसांपर्यंत गेली. ती सोयीची नाही असे आम्ही म्हणणार नाही. खोट्या शिधापत्रिकांवर धान्य लाटणारे होते आणि ठशाने त्यांतल्या पुष्कळांची वाट बंद केली. परंतु आयुष्यभर विटा उचललेल्या, भांडी घासलेल्या, मिठागरात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत एका शिधादुकानापुढे एक बाई चौथ्यांदा अंगठा पदराला पुसून यंत्रावर ठेवीत असलेली आम्ही पाहिली. दुकान कोणते ते सांगण्यात अर्थ नाही. दुकानदार तिला नावाने हाक मारीत होता. तिची जाऊ मागे उभी होती. प्रत्यभिज्ञा सगळ्यांना झालेली होती, एका यंत्राखेरीज. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपले वेगळे निकालपत्र लिहिले. दोन्हींत ठसा न जुळणाऱ्या माणसाचा प्रश्न आलेला आहे. इनाम कमिशनपुढे उभा राहिलेला वृद्ध शेतकरी आणि ही बाई यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि फरक इतकाच की त्याच्याजवळ कागद नव्हता, हिच्याजवळ कागद असून बोट नव्हते.

सभागृहात निवृत्तिवेतनधारक पुष्कळ दिसतात, म्हणून त्यांच्या ओळखीच्या एका कागदाकडे वळून थांबतो. दर नोव्हेंबरात आपण हयातीचा दाखला देतो. 'हा माणूस जिवंत आहे' ही बँकेच्या दप्तरातील आठवण मुदतीची असते. मोकापेट्रिस यांची मुदत सेकंदांत होती, ही वर्षाची. मुदत सरली की तुम्ही समोर उभे असलात तरी दप्तराच्या लेखी अनिश्चित. १० नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशाने आणि २०२१ पासून चेहऱ्यानेही देता येऊ लागला. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक गेल्या काही वर्षांत एकदा अंधेरीकडील आपल्या बँकेत गेले. ठसा जुळेना. फोनपुढे चेहरा धरला तर नुकत्याच झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा काळा चष्मा डोळ्यांवर. तो काढायची डॉक्टरांची परवानगी नव्हती. शेवटी कागदाचा नमुना निघाला. त्यावर त्यांनी सही केली, ती थरथरत्या हाताची. आणि खाते उघडताना केलेली सही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, झोकदार. दोन्ही सह्या शेजारी ठेवून तरुण कारकून बराच वेळ पाहत राहिला. इतक्यात आतून चहाचा पेला घेऊन निघालेल्या वयस्क शाखाधिकारी बाई काउंटरपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही? आम्हाला नववीत भूमिती तुम्हीच शिकवलीत की." त्यांनी पेला तेथेच ठेवला, कारकुनाच्या हातातील कागद घेतला आणि 'समक्ष पाहिले' असे लिहून खाली सही केली.